गोदामातील केर कसा निवडावा

गोदाम म्हणजे माल ठेवण्याची जागा. कोणी तिला वखार म्हणतात, कोणी कोठार म्हणतात. तुमच्या गावात सोसायटीचे गोदाम असेल. त्यात खताची पोती असतात, बियाणे असते, फवारणीच्या औषधांचे डबे असतात. रेशन दुकानदाराची मागची खोली म्हणजेही लहानसे गोदामच. आणि गावात गोदाम नसले, तरी तुमचा मुलगा, जावई नाहीतर भाऊ चाकणला, वाघोलीला, उरुळी देवाचीला अशा एखाद्या मोठ्या गोदामात कामाला असेल.

गोदामात माल येतो आणि माल जातो. त्याचा हिशेब दिवाणजी वहीत लिहितो. पण माल गेल्यावर मागे जे उरते, त्याचा हिशेब कोण लिहितो? फाटकी पोती, रिकामी खोकी, प्लास्टिकचे कागद, फुटलेल्या बाटल्या, गळके डबे, सडका माल, विझलेल्या ट्यूब. हे सगळे कोपऱ्यात साचते. एक दिवस मालक ओरडतो, "अरे, जागा रिकामी करा." मग कोणीतरी सगळे ओढून बाहेर काढतो आणि काडी लावतो. धूर होतो, जागा रिकामी होते. झाले काम!

पण काम झालेले नसते. त्या ढिगात निम्म्याहून अधिक वस्तू पैसे देणाऱ्या होत्या. आणि दोन-चार वस्तू अशा होत्या की त्यांनी माणसाचा जीवही जावा. दोन्ही एकाच आगीत टाकल्या. म्हणून केर निवडायला शिकले पाहिजे. आपल्या घरातील बायका तांदूळ निवडतात ना, तसा. खडा वेगळा, गोंडर वेगळे, कणी वेगळी. कणी कोणी टाकून देत नाही आणि खडा कोणी शिजवत नाही.

मी पुण्याला शनिवार पेठेत राहतो. शनिवारवाडा तुम्ही पाहिला असेल. तेथून पाच-सात मिनिटे चालत गेले की अप्पा बळवंत चौक लागतो. पुस्तकांचा आणि वह्यांचा हा मोठा बाजार. शनिवार, बुधवार, नारायण या पेठा इथे एकमेकींना लागून आहेत. आजूबाजूच्या जुन्या वाड्यांत तळमजल्यावर दुकानदारांची गोदामे आहेत. जिथे पूर्वी घोडे बांधत, तिथे आता वह्यांचे गठ्ठे रचलेले असतात. मे महिना संपत आला की टेम्पोंची रांग लागते. शाळा सुरू होण्याआधी महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांचे दुकानदार इथून माल नेतात. एकदा का हा हंगाम उरकला की प्रत्येक गोदामात पुठ्ठ्याचा डोंगर उभा राहतो. त्यात गठ्ठे बांधायच्या प्लास्टिकच्या पट्ट्या, सुतळ्या, चिकटपट्ट्या, ओली झालेली पुस्तके, उंदराने कुरतडलेल्या वह्या.

या डोंगराचे काय करायचे, हे मला एका मावशींनी शिकवले. त्या आमच्या गल्लीत कचरा गोळा करायला येतात. त्यांना वाचता येत नाही. मी एकदा त्यांना विचारले, "मावशी, हा कागद चांगला, हा वाईट, हे तुम्ही इतक्या झटपट कसं ओळखता?"

त्या हसल्या. म्हणाल्या, "गुरुजी, तुम्ही अक्षरं ओळखता, मी कागद ओळखते. हा घ्या, फाडून बघा. फाटल्यावर कडेला बारीक केस दिसले की समजायचं, हा साधा कागद. आता हा दुसरा फाडा. ताणतोय बघा, मधे चकचकीत पापुद्रा राहिला. याला प्लास्टिक चिकटलंय. हा त्यात घालायचा नाही."

मग त्यांनी एक चकाकणारे वेष्टन माझ्या हातात दिले. "हे मुठीत चुरगळा आणि मूठ सोडा." मी सोडली. वेष्टन लगेच उलगडून पूर्वीसारखे झाले. "कागद असता तर चुरगळलेलाच राहिला असता," मावशी म्हणाल्या. मी चाळीस वर्षे कागद हाताळला, पण ही परीक्षा मला कोणी घ्यायला लावली नव्हती.

आता असे का, ते पाहू. कागद हा झाडाच्या किंवा चिंध्यांच्या बारीक तंतूंचा बनतो. मावशींना दिसलेले केस म्हणजे हेच तंतू. रद्दी कारखान्यात गेली की तिला मोठ्या हौदात पाण्यात घुसळतात. तंतू सुटे होतात आणि लगदा तयार होतो. तो जाळीवर पसरतात. पाणी निथळते, मग दाबून आणि वाळवून पुन्हा कागद होतो. यात प्लास्टिक आले तर ते विरघळत नाही. जाळीत अडकते. मेण आले, तेल आले, तर कागदावर डाग उठतात. म्हणून कारखानदार स्वच्छ रद्दीला जास्त भाव देतो, मिसळीच्या रद्दीला कमी. मात्र हे घुसळणे किती वेळा चालते? प्रत्येक वेळी तंतू थोडे तुटतात, आखूड होतात. पाच-सात वेळा असे झाले की त्यांत धरून ठेवायची ताकद राहत नाही. पांढऱ्या वहीचा कागद आधी चांगला कागद होतो, मग पुठ्ठा होतो, मग अंडी ठेवायचा खोलगट ट्रे होतो. ट्रेनंतर त्याचे आयुष्य संपत आले म्हणायचे.

हे ज्ञान आपल्याकडे नवे नाही बरं का. जुन्नरचा आणि दौलताबादचा हातकागद एके काळी नावाजलेला होता. पुण्यात कसबा पेठेत आजही कागदीपुरा नावाची वस्ती आहे. कागद करणारे कागदी लोक तिथे राहत, म्हणून ते नाव. गांधीजींच्या प्रेरणेने पुण्यात शिवाजीनगरला १९४० साली हातकागद संस्था निघाली. तिथे कापसाच्या चिंध्यांपासून कागद करीत. शिंप्याच्या दुकानातील कतरण म्हणजे कुणाला कचरा वाटेल, पण त्या कतरणीचा कागद झाडाच्या कागदापेक्षा जास्त टिकतो. कागदीपुऱ्यापासून जवळच तांबट आळी आहे. जुन्या तांब्या-पितळेच्या भांड्यांना आपण मोड म्हणतो. मोड द्यायची आणि वर थोडे पैसे घालून नवे भांडे आणायचे, हे आपल्या आज्या-पणज्या करीत आल्या. बोहारीण जुने लुगडे घेऊन पातेले देत असे. आपण काही टाकून देत नव्हतो. टाकायची सवय नंतर लागली.

तर कागदाचे नियम ध्यानात ठेवा. पुठ्ठा वेगळा, पांढरा कागद वेगळा, वर्तमानपत्र वेगळे. खोके उलगडून सपाट करावे. चिकटपट्टी ओढून काढावी. कागद कोरडा हवा. ओला कागद जड भरतो, हे खरे. पण व्यापारी काही वेडा नसतो. तो हात घालून पाहतो आणि वजनात काट धरतो. शिवाय ओल्या गठ्ठ्याला आतून बुरशी येते आणि मग तो कुणीच घेत नाही. आणि कोरडा पुठ्ठाही फार दिवस साठवू नये. वाळवी लागते, उंदीर घरे करतात. पुठ्ठ्याच्या ढिगाला आग लागली तर ती विझता विझत नाही.

आता प्लास्टिक. त्याच्या जाती पुष्कळ आहेत. पण ओळखायला एक सोपी खूण आहे. बाटली, डबा किंवा कॅन उलटा करा. तळाशी बाणांचा त्रिकोण असतो आणि त्यात एक आकडा असतो, एकपासून सातपर्यंत. तुम्ही आकडे शिकलात. आता ते तिथे वाचा. १ म्हणजे पाण्याची बाटली. २ म्हणजे कडक कॅन आणि पिंपे. ४ म्हणजे मऊ पिशवी आणि माल गुंडाळायचा कागद. ५ म्हणजे खताची विणलेली पोती आणि कडक डबे. या चारांना बहुतेक ठिकाणी गिऱ्हाईक मिळते. ३ आकड्याचे प्लास्टिक पाइपांत आणि वायरींच्या वेष्टनात असते. ते कधीही जाळू नये. त्याच्या धुरात आम्लाची वाफ असते आणि त्याहूनही वाईट विषे असतात. ६ आकड्यात थर्माकोल येते. थर्माकोल म्हणजे जवळजवळ सगळी हवाच. टेम्पोभर थर्माकोल नेले तरी वजन काही भरत नाही, म्हणून भंगारवाला तोंड फिरवतो. त्याचे तुकडे करू नयेत, नाहीतर दाणे वाऱ्याने शेतभर होतात. आहे तसे गठ्ठा बांधून ठेवावे आणि नवा माल बांधताना पुन्हा वापरावे. ७ म्हणजे सटरफटर, मिसळीचे प्लास्टिक.

पोत्यांचे वेगळे सांगायला नको. धड पोते झटकून, घडी घालून ठेवावे. ते चार वेळा कामाला येते. पण एक विचारा, त्या पोत्यात पूर्वी काय होते? खताच्या किंवा औषधाच्या पोत्यात धान्य भरू नये, गुरांची पेंडही भरू नये.

लाकडाचेही असेच. परदेशातून किंवा मोठ्या कारखान्यातून माल येतो तो लाकडी चौकटीवर येतो. तिला गोदामात पॅलेट म्हणतात. माल उतरला की ही फळकुटे लोक चुलीसाठी मागून नेतात. नेण्याआधी त्यावरचा शिक्का पाहावा. परदेशी मालाच्या लाकडावर इंग्रजी अक्षरे डागलेली असतात. एच आणि टी ही दोन अक्षरे असली, तर ते लाकूड कीड मारण्यासाठी फक्त तापवलेले आहे. एम आणि बी असली, तर त्याला विषारी धुरी दिलेली आहे. ते चुलीत घालू नका. रंग लावलेले किंवा तेल सांडलेले लाकूडही घालू नका. इंग्रजी येत नसेल तर पोराला विचारा, त्यात कमीपणा नाही.

इथपर्यंत पैशाचा केर झाला. आता जिवाचा केर पाहू. इथे जरा सावकाश वाचा.

पिंपापासून सुरुवात करतो, कारण ते तुमच्या घरात शिरते. निळे प्लास्टिकचे मोठे पिंप तुम्ही पाहिले असेल. उन्हाळ्यात पाणी साठवायला लोक ते तालुक्याच्या बाजारातून स्वस्तात आणतात. पिंप चांगले असते, मजबूत असते. पण ते आले कुठून? बहुतेक वेळा एखाद्या कारखान्याच्या गोदामातून. त्यात आधी काय होते? खाण्याचे तेल होते, सरबताचा अर्क होता, की कपडे रंगवायचे रसायन होते? विकणारा म्हणतो, "धुऊन दिलंय, दादा. तीनदा धुतलंय." त्याने धुतले असेलही. पण प्लास्टिक हे काचेसारखे नसते. काही रसायने त्याच्या अंगात मुरतात. वरून धुतले तरी आतली पुन्हा हळूहळू पाण्यात उतरतात. पाण्याला वास येतो, कधी येतही नाही. म्हणून ज्या पिंपावरचे लेबल फाडलेले आहे, खरवडलेले आहे, ते पिण्याच्या पाण्यासाठी आणि धान्यासाठी घेऊ नये. गोदामात काम करणाऱ्याने तर लेबल कधीच फाडू नये. लेबल म्हणजे त्या पिंपाचा जन्माचा दाखला. रसायनाचे रिकामे पिंप भंगारात देताना त्याला भोके पाडावीत, म्हणजे ते कुणाच्या स्वयंपाकघरात जाणार नाही. पण ज्या पिंपात पेट घेणारे द्रव होते, त्याला भोक पाडायला किंवा कापायला जाऊ नका. आत वाफ राहते. ठिणगी पडली की पिंप फुटते. ते पिंप ज्याने माल दिला त्यालाच परत करावे.

फवारणीच्या औषधाचे डबे सोसायटीच्या गोदामात असतातच. प्रत्येक डब्यावर शंकरपाळ्याच्या आकाराची एक खूण असते. तिचा खालचा निम्मा भाग रंगीत असतो. लाल रंग म्हणजे अत्यंत जहाल विष. पिवळा म्हणजे त्याहून थोडे कमी. निळा म्हणजे मध्यम. हिरवा म्हणजे सौम्य. पण सौम्य म्हणजे औषधाचा काढा नव्हे, तेही विषच. रिकामा डबा तसाच फेकू नये. त्यात पावपट पाणी घालावे, झाकण लावून अर्धा मिनिट हलवावे आणि ते पाणी फवारणीच्या पंपातच ओतावे. असे तीन वेळा करावे. औषधही वाया जात नाही. मग डब्याला भोके पाडावीत. १९७१ सालच्या कीटकनाशक नियमांतच सांगितले आहे की असे डबे बाहेर टाकून ठेवू नयेत, पुन्हा वापरात येणार नाहीत अशा रीतीने मोडावेत. तरीही कित्येक घरांत त्या डब्यात रॉकेल नाहीतर गोडे तेल सापडते. लहान मूल तहानेने जे दिसेल ते तोंडाला लावते. त्याला लाल-पिवळे कळत नाही.

धान्याच्या गोदामात आणखी एक गोष्ट असते, आणि ती फार कमी लोकांना ठाऊक असते. किडे मारायला तिथे गोळ्या ठेवतात. सेल्फॉस हे त्यांचे ओळखीचे नाव. हवेतील ओल लागली की या गोळ्यांतून विषारी वायू सुटतो. तीन ग्रॅमच्या गोळीतून एक ग्रॅम वायू. किडे मरतात, आणि बंद खोलीत माणूस असला तर माणूसही मरतो. या वायूला लसणासारखा किंवा सडक्या मासळीसारखा वास येतो. काम झाल्यावर गोळीची करड्या रंगाची भुकटी उरते. हमाल ती राख समजून झाडतात आणि पोत्यात भरून कोपऱ्यात ठेवतात. इथेच घात होतो. भुकटीत न फुटलेली गोळी राहिली असेल, तर पोत्याला ओल लागताच पुन्हा वायू सुटतो. तो ढीग पेटूही शकतो. या गोळ्या ठेवणे आणि त्यांची भुकटी नेणे हे सरकारमान्य माणसाचेच काम आहे. त्याला सांगा, "साहेब, गोळ्या तुम्ही ठेवल्या, राखही तुम्हीच न्या." तो घाई करील. तुम्ही सोडू नका. आणि ज्या खोलीत धान्याला गोळ्या लावल्या आहेत, तिच्या शेजारच्या खोलीतही कोणी झोपू नये.

विझलेल्या ट्यूबमध्ये पारा असतो, अगदी थोडा, पण असतो. ट्यूब फोडू नये. फुटलीच तर दारे-खिडक्या उघडून पंधरा-वीस मिनिटे बाहेर जावे. मग केरसुणीने न झाडता जाड कागदाने तुकडे उचलावेत. गाडीच्या जुन्या बॅटरीत शिसे आणि आम्ल असते. बॅटरीतले जवळजवळ सगळे शिसे पुन्हा वापरता येते, म्हणून तिला चांगले पैसे येतात. नवी बॅटरी घेताना जुनी दुकानदारालाच द्यावी. पण चार पैशांसाठी घराच्या अंगणात बॅटरी फोडून शिसे वितळवणारे लोक आहेत. शिशाचा धूर आणि धूळ लहान मुलांच्या मेंदूला बाधते. त्या अंगणात मुले खेळतात.

निवड न करता भंगार विकले तर काय होते, याचे एक उदाहरण देतो. ते खरे आहे. दिल्ली विद्यापीठाच्या एका प्रयोगशाळेत एक जुने यंत्र होते. त्यात कोबाल्ट नावाचा किरणोत्सारी धातू होता. म्हणजे डोळ्यांना न दिसणारे घातक किरण सोडणारा. यंत्र १९८५ सालापासून वापराविना पडून होते. आत काय आहे, हे जाणणारी माणसे निघून गेली. २०१० साली ते इतर सामानाबरोबर भंगार म्हणून लिलावात विकले गेले. मायापुरी हा दिल्लीचा मोठा भंगार बाजार. तिथल्या कामगारांनी ते फोडले. आत चमकदार धातू दिसला. काहींनी तो हाताळला. थोड्याच दिवसांत त्यांची कातडी काळी पडू लागली, केस गळू लागले, उलट्या सुरू झाल्या. त्यांतला एक जण मेला, बाकीचे बरेच दिवस इस्पितळात होते. ज्यांनी यंत्र विकले ते शिकलेले होते. ज्यांनी फोडले ते पोटासाठी आलेले मजूर होते. भोगले कोणी, ते तुम्हीच पाहा.

आता असा विषारी केर पाठवायचा कुठे? पुणे जिल्ह्यात रांजणगावला औद्योगिक वसाहतीत त्यासाठी केंद्र आहे. तिथे काही केर मोठ्या उष्णतेच्या भट्टीत जाळतात. काही सिमेंटसारख्या वस्तूंत घट्ट बांधून, खाली जाड अस्तर घातलेल्या खड्ड्यात पुरतात, म्हणजे पावसाचे पाणी त्यातून विहिरीत उतरत नाही. कारखान्यांना आणि मोठ्या गोदामांना कायद्यानेच असा केर अशा ठिकाणी द्यावा लागतो, आणि दिल्याची पावती ठेवावी लागते. हे काम खर्चाचे आहे, म्हणून लोक टाळतात. टाळल्याने ते स्वस्त होत नाही. भोपाळला १९८४ साली वायूची दुर्घटना झाली. त्या कारखान्यातील उरलेला विषारी माल गोदामात चाळीस वर्षे तसाच राहिला. शेवटी २०२५ च्या जानेवारीत ३३७ टन माल बंद गाड्यांत भरून पोलीस बंदोबस्तात पीथमपूरला नेला आणि तिथे जाळला. तेव्हा तिथले लोकही रस्त्यावर उतरले. त्यांची भीती काय चुकीची होती?

साध्या कचऱ्याचीही गोष्ट फार वेगळी नाही. पुण्याचा कचरा डेपो पूर्वी कोथरूडला होता. तेव्हा कोथरूड शहराबाहेर होते. शहर वाढले, लोक तिथे राहायला गेले आणि कचरा निघाला उरुळी देवाची आणि फुरसुंगीला. वर्षानुवर्षे ओले, सुके, काच, बॅटरी सगळे एकत्र तिथे पडले. त्या ढिगाचे काळे पाणी जमिनीत मुरले. गावकऱ्यांच्या विहिरी नासल्या, माश्यांनी जेवण मुश्कील केले. २०१७ च्या एप्रिलमध्ये डेपोला आग लागली आणि गावकऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. जवळजवळ तीन आठवडे शहराचा कचरा शहरात राहिला. तेव्हा आम्हा पेठेतल्या लोकांना कळले की आपण दारातून बाहेर टाकतो ते कुणाच्या तरी दारात जाऊन पडते. मजा अशी की आता त्याच बाजूला मोठमोठी गोदामेही उभी राहिली आहेत.

केर निवडणाऱ्या मावशींची हकिकत यात सांगितलीच पाहिजे. पूर्वी त्यांना चोर समजत. कुत्री अंगावर सोडत. १९९३ साली पुण्यात त्यांची संघटना झाली, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. हमालांची संघटना बांधणारे बाबा आढाव त्यांच्या पाठीशी उभे राहिले. पुढे या बायकांनी आपली सहकारी संस्था काढली. तिचे नाव स्वच्छ. २००८ साली पुणे महापालिकेने तिच्याशी करार केला. आज तीन हजारांहून जास्त कष्टकरी घरोघर जाऊन कचरा घेतात. ओला वेगळा, सुका वेगळा. सुक्यातून निघालेले विकून त्यांचा संसार चालतो. २०१६ साली केंद्र सरकारने नियम केले की कचरा ज्याचा, त्यानेच तो वेगळा करून द्यायचा. पण नियम वहीत राहतो आणि फुटलेली काच पिशवीत राहते. मावशींच्या हातावरचे वण मी पाहिले आहेत. तुम्ही आता लिहायला शिकलात. फुटकी काच जाड कागदात गुंडाळा आणि त्यावर मोठ्या अक्षरांत लिहा, काच. मावशींना ते अक्षर वाचता येत नसले तरी त्यांच्या मुलीला येते. आणि शेजारी लाल रेघ मारा, ती सर्वांना वाचता येते.

खराब धान्याबद्दल दोन शब्द. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले. मुठेचे पाणी शनिवार पेठेत, नारायण पेठेत शिरले. ओंकारेश्वराच्या बाजूचे वाडे बुडाले. आमच्या वाड्यातील वडीलधारी माणसे सांगत की पाणी ओसरल्यावर पुस्तकांचे गठ्ठे फुगून भिंतीएवढे झाले होते आणि धान्याच्या पोत्यांना कोंब फुटले होते. अशा वेळी मोह होतो. वरचे सडले, आतले चांगले दिसते, धुऊन वाळवू, नाहीतर गुरांना घालू. पुराचे पाणी गटारातून आलेले असते. आणि भिजलेल्या मक्याला, शेंगदाण्याला जी बुरशी येते तिचे विष शिजवूनही जात नाही. गुरांना घातले तर ते दुधात उतरते. असे धान्य खड्ड्यात घालून, वर पालापाचोळा आणि शेण टाकून त्याचे खत करावे. खड्डा विहिरीपासून लांब असावा. बुरशी उडते म्हणून नाकाला फडके बांधावे. औषध लावलेले बियाणे मात्र खतातही घालू नये. ते बहुधा रंगवलेले असते, गुलाबी नाहीतर निळे. ते औषधांच्या डब्यांबरोबर ठेवावे.

तुमच्या सोसायटीत हे सुरू करायचे तर फार खटाटोप नको. गोदामाच्या बाहेर, छपराखाली, चार जागा आखा. एका जागी कागद आणि पुठ्ठा. दुसऱ्या जागी प्लास्टिक आणि पोती. तिसऱ्या जागी पत्रा, लोखंड, काच. चौथी जागा लांब, कुलपाची. तिच्यात औषधांचे डबे, बॅटऱ्या, ट्यूब, मुदत संपलेली औषधे आणि ज्याचे नाव कुणाला सांगता येत नाही असे सगळे. या खोलीच्या दारावर "विष" असे लिहा आणि किल्ली एकाच माणसाकडे द्या. ज्याच्याकडे किल्ली त्याने वही ठेवावी. कोणत्या तारखेला काय आत आले, काय कोणाला दिले, पावती मिळाली का. मुदत संपलेले औषध ज्या कंपनीचे किंवा ज्या दुकानातून आले, त्याला परत घ्यायला लेखी कळवा, आणि कळवल्याची नक्कल फाइलीत लावा. तोंडी सांगितलेले कोणाला आठवत नाही. रोज संध्याकाळी गोदाम बंद करताना निवडायला पाव तास पुरतो. महिन्याने निवडायला बसलात तर दिवस जातो आणि ओल लागून निम्मे वाया जाते.

पहिल्या तीन जागांतला माल महिन्या-दोन महिन्यांनी विकावा. एकाच भंगारवाल्याला न विचारता दोघा-तिघांना भाव विचारावा, कारण पुठ्ठ्याचा आणि पत्र्याचा भाव सारखा वर-खाली होतो. वजन आपल्या काट्यावर करावे. आलेले पैसे कोणाच्या खिशात न जाता सोसायटीच्या खात्यात जमा व्हावेत. जे हमाल निवडण्याचे काम करतात, त्यांना त्यातून जाड हातमोजे आणि बूट आधी घेऊन द्यावेत. उरलेल्या पैशांचे काय करायचे, ते सभेत ठरवावे.